कितवाकाका

रक्ततपासणीचा कागद घेऊन परतणारी माणसं साधारण एकाच चेहऱ्याची असतात. कितवाकाका अपवाद. फाटकातूनच कागद फडकवत म्हणाले, "उपाशीपोटी 192! सकाळी फिरायला येणाऱ्यांत पहिला. दुसरा 168 वर आहे, म्हणजे बराच मागे." आतून काकूंचा आवाज आला, "मग आता पेढे वाटा."

त्यांचं खरं नाव पोस्टमनला आणि पेन्शनच्या बँकेला ठाऊक. इंदूरजवळच्या राऊतल्या आमच्या कॉलनीत लहानथोर सगळे त्यांना तोंडावरच कितवाकाका म्हणतात आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. उलट एखाद्या नव्या भाडेकरूने नुसतं 'काका' म्हटलं तर त्यांना चुकल्याचुकल्यासारखं होतं. तुमच्या आळीतही एक असणारच, त्यामुळे ओळख लांबवत नाही. गोष्ट कुठलीही काढा, यांचा प्रश्न ठरलेला. शेजाऱ्यांनी गाडी घेतली: "विक्रीत कितवी?" माझी भाची रांगायला लागली: "तिच्या वयाच्यांत कितवी?" खजराना गणपतीला जाऊन आलो म्हणून प्रसाद द्यायला गेलो, तर तो तोंडात टाकता टाकता, "नवसाला पावणाऱ्यांत हा कितवा धरतात?" अहिल्याबाईंच्या काळापासून लोक तिथे मनातलं बोलायला जातायत आणि अजून कोणी यादी लावलेली नाही, याला ते देवस्थानाची ढिलाई म्हणतात.

एकदा मी त्यांना पोहे खायला नेलं. महूच्या रस्त्याला एक गाडा लागतो. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर परात, परातीत पोह्यांचा पिवळाधमक ढीग, वाफेने कडेचे दाणे मऊ झालेले. गाडेवाला मूठभर पोहे कागदावर घेतो, वर शेव, कांदा, जिरावणाची चिमूट, लिंबू पिळून पुढे करतो, आणि गिऱ्हाईक उभ्याउभ्या खातं. काकांनी घासाआधी मोबाईल काढला. गाड्याला किती तारे आहेत ते शोधू लागले. गाडा कुठल्याच यादीत नव्हता. "रेटिंग नहीं है क्या?" त्यांनी विचारलं. तो म्हणाला, "बाबूजी, रेटिंग नहीं है, जलेबी है." काकांनी दोन कागद पोहे आणि पाव किलो जलेबी संपवली, पण चेहरा असा, जणू विनातिकीट प्रवास चाललाय. पुढच्या रविवारी एका 4.3 ताऱ्यांच्या हॉटेलात गेले. आल्यावर विचारलं, कसे होते? "पोहे कोरडे होते," ते म्हणाले, "पण 4.3 आहेत रे भिया."

आता असा माणूस राऊत राहावा ही खरी गंमत. कारण राऊला एका अंगाला आयआयएम आहे. टेकडीवरचं ते आवार, तिथली ती हिरवळ, ती शिस्त. संध्याकाळी त्या बाजूला फिरायला गेलं की बरं वाटतं. काकांना 2019 पर्यंत वाटत असे. त्या वर्षी सरकारी क्रमवारीत आयआयएम इंदूर पाचवं होतं. 2024 मध्ये आठवं आलं, आणि तेव्हापासून काका फाटकासमोरून जाताना, घरात काहीतरी घडलेल्या कुटुंबाकडे बघावं तसे बघतात. मी एकदा त्यांना समजावलं, की या क्रमवारीत शिकवणं, संशोधन, निकाल अशा सगळ्याला मिळून गुण असतात आणि शंभरातले दहा तर नुसते लोकांना संस्थेबद्दल काय वाटतं याचे असतात. काका एकदम थांबले. "लोकांना? आणि मी तीस वर्षं इथे राहून राहिलो, मला नाही कोणी विचारलं!"

दुसऱ्या अंगाला राजा रामण्णा केंद्र. तिथे इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने गोल फिरवून त्यांच्यापासून प्रकाश मिळवणारी यंत्रं आहेत, इंडस-1 आणि इंडस-2. देशात असली यंत्रं आणखी कुठेच नाहीत. काकांना इथे दोन अडचणी. एक, स्पर्धकच नसेल तर पहिलं कसं यायचं? आणि दुसरी जास्त जिव्हारी लागणारी: इंडस-1 ची ताकद 450 एमइव्ही आणि इंडस-2 ची 2.5 जीइव्ही, म्हणजे दोन नंबरवाला एक नंबरवाल्याच्या साडेपाचपट. हे कळल्यावर ते म्हणाले, "मग आकडे बदलायला पाहिजेत." तिथे काम करणाऱ्या एका गृहस्थांनी नम्रपणे सांगितलं, की काका, जे आधी बांधलं ते एक. काकांना पटलं नाही. आधी येणं आणि पहिलं येणं यांत त्यांच्या लेखी फरक आहे. (यात त्यांचं चूक आहे असं मात्र मला म्हणता येत नाही.)

नाटकाचंही तेच. इंदुरात सानंद न्यास मराठी नाटकं आणतो. सभासद इतके, की त्यांचे पाच समूह केलेत आणि एकेका नाटकाचे लागोपाठ पाच प्रयोग होतात. खंडवा रोडच्या सभागृहात शिरताना काकांचा पहिला प्रश्न, "प्रयोग कितवा?" पाचशेवा असेल तर ते मन लावून बघतात. बाविसावा असेल तर मध्यंतरापर्यंत ठरवत नाहीत हसायचं की नाही. प्रशांत दामल्यांनी 2022 च्या नोव्हेंबरात साडेबारा हजारावा प्रयोग केला, तेव्हा काका आठवडाभर तो आकडा सांगत हिंडत होते. नाटक कोणतं होतं विचारलं तर म्हणाले, "चांगलंच असणार ना, साडेबारा हजार म्हणजे!" त्या पाच समूहांतल्या एकाला रामूभैया दाते यांचं नाव आहे. ज्या माणसाच्या एका 'वा'साठी मोठमोठे गवय्ये इंदुरात गात, त्याच्या नावाच्या समूहात आमचे काका बसतात आणि पडदा उघडायच्या आधी खुर्च्या मोजतात.

पण हे सगळं किरकोळ. काकांचा खरा सण म्हणजे स्वच्छ सर्वेक्षण. तुम्ही त्यांना वाढदिवस विचारा, चटकन आठवणार नाही. पण 2017, 434 शहरं, इंदूर पहिलं, हे झोपेतून उठवलं तरी सांगतील. त्याच्या आदल्या वर्षी 73 शहरांत म्हैसूर पहिलं होतं आणि इंदूर पंचविसावं. तो विषय त्यांच्यासमोर काढायचा नसतो. मग 18, 19, 20, 21, 22, हे ते जपाच्या लयीत म्हणतात, बोटांवर, डोळे मिटून. 2023 ला आवाज थोडा बसतो, कारण त्या साली सुरत बरोबरीने पहिलं आलं. "संयुक्त म्हणजे काय ते?" ते विचारतात. "पहिला म्हणजे एकटा." पुढच्या वेळी, 2025 च्या जुलैमध्ये निकाल लागला, तेव्हा सारखी वरच्या क्रमांकांवर येणारी शहरं सुपर स्वच्छ लीग नावाच्या वेगळ्याच पंगतीत बसवली होती. तिथेही इंदूर पहिलं. आठव्यांदा. काकांनी गल्लीत आठ किलो पेढे वाटले. 192 वाल्या माणसाने.

आणि इथे एका अकरावीतल्या मुलाने घात केला. पेढा खाऊन झाल्यावर, बोटं चाटत तो म्हणाला, "पण काका, आपण इंदूरमध्ये कुठे येतो? राऊची नगर परिषद वेगळी आहे. आपला कचरा इंदूरच्या गुणांत धरतच नाहीत."

कोणी काही बोलेना. काकूंनी पेढ्यांचा डबा हळूच बंद केला. काकांनी त्या मुलाला विचारलं, "तू वर्गात कितवा?" तो म्हणाला, "पहिला." मग त्यांचा नाइलाज झाला.

पुढचे चार दिवस ते हद्दीच्या मागे लागले होते. नकाशे काढले. राऊ विधानसभा मतदारसंघात इंदुरातल्या वस्त्याही येतात, म्हणजे राऊ इंदुरात नसलं तरी इंदूर थोडं राऊत आहे, असा एक सिद्धांत मांडला. वीज, पत्र, कॉलेज, लग्नपत्रिका सगळीकडे आपण 'इंदूर' लिहितो, मग कचऱ्यानेच काय घोडं मारलं, असंही विचारून झालं. शेवटी हरले असं वाटलं. पण त्यांच्या मागच्या अंगणात सहा बादल्या होत्या त्या तशाच राहिल्या. ओला, सुका, प्लास्टिक, विजेच्या वस्तूंचा, घातक, आणि सॅनिटरी कचऱ्याची झाकणाची. इंदुरात असे सहा प्रकार करतात म्हणून यांनीही केलेले. दुधाच्या पिशव्या ते स्वतः धुतात, उलट्या करतात आणि काकूंच्या साड्यांशेजारी चिमटे लावून वाळत घालतात. सकाळी कचरागाडी आली की सगळ्यांत आधी बाहेर. कॉलनीत नव्याने राहायला आलेल्या कॉलेजच्या पोरांना रेझरचं पातं कोणत्या बादलीत जातं हे शिकवणारेही तेच, आणि पोरं ऐकतात, कारण न ऐकलं तर ते परत सांगतात. हे कुठल्या गुणांत धरलं जात नाही हे त्यांना आता माहीत पडलं होतं. तरी पिशव्या धुणं चालूच. मी कारण विचारलं तर माझ्याकडे असं पाहिलं, की मीच काहीतरी अडाण्यासारखं बोललोय.

आकड्यांची मी टिंगल करतो खरी, पण सतराच्या आधीचं इंदूर मी पाहिलेलं आहे, कोपऱ्याकोपऱ्यावर कचऱ्याच्या पेट्या ओसंडणारं, गाई-डुकरांचं. नंबराची ईर्ष्या नसती तर ते तसंच राहिलं असतं. जे मोजलं, ते झळकलं. जे मोजलं नाही, ते जमिनीखाली होतं.

2025 च्या डिसेंबरअखेर इंदुरात भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलं. उलट्या-जुलाबांनी घरंच्या घरं आडवी झाली, माणसं दगावली. याच शहराला 2021 साली देशातलं पहिलं 'वॉटर प्लस' शहर म्हणून गौरवलं होतं. तो शिक्का सांडपाण्याच्या व्यवस्थेसाठी असतो, नळातून घरात काय येतं याच्याशी त्याचा संबंध नाही. पण असला खुलासा ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याला कोण देणार? किती गेले? सरकारी आकडा एक, वस्तीतले लोक सांगत होते तो दुसरा, वर्तमानपत्रात रोज तिसरा.

त्या आठवड्यात काका पारावर येऊन बसत, तिन्ही पेपर मांडीवर. आकडे जुळवण्याचा प्रयत्न करत होते. बँकेत चाळीस वर्षं तेच केलेलं. जुळेनात. कोणीतरी टोमणा मारला, "काय काका, पाण्यात आपण कितवे?" मला वाटलं, आता नकाशा निघेल, राऊ वेगळं असल्याचं सांगतील. त्यांना तसं सांगून मोकळं होता आलं असतं. ते म्हणाले, "आपल्याच शहरात झालं ना हे." दुसऱ्या दिवसापासून ते काचेचा ग्लास घेऊन कॉलनीत दारोदार फिरू लागले. नळ सोडायला सांगायचे, ग्लास भरून उजेडात धरायचे, वास घ्यायचे, वहीत फक्त 'ठीक' लिहायचे. एका घरी वहिनींनी सहज विचारलं, आमचं पाणी कितवं? "ठीक आहे," एवढंच म्हणाले आणि पुढच्या दाराकडे गेले.

मला वाटलं, सवय सुटली. कसली सुटते!

कॉलनीत वयाच्या यादीत काका तिसरे होते. ही यादी त्यांनीच केलेली, आणि मयताहून परतताना स्मशानाच्या फाटकातच ती ते दुरुस्त करत, हा त्यांचा सर्वांत लाजिरवाणा गुण. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या नंबरचे आजोबा गेले तेव्हा "आता मी दुसरा" असं त्यांनी शेजारच्याला कुजबुजून सांगितलं होतं आणि काकूंनी त्यांच्याशी दोन दिवस अबोला धरला होता. या फेब्रुवारीत पहिल्या नंबरचे गेले. वय 88. काका आणि ते रोज पहाटे बरोबर फिरायचे. वाटेत भांडायचे, मुख्यतः रामूभैयांच्या बैठकीला खरोखर कोण हजर होतं यावर. परतताना काका फाटकात थांबले नाहीत. गाडीतही बोलले नाहीत. पोरांना काय, त्यांनी आपली पारावर नेहमीप्रमाणे चेष्टा केली: "काका, अभिनंदन! पहिले आलात."

काका म्हणाले, "कोणी सांगितलं? हद्द कुठपर्यंत धरलीत?"

मग त्यांनी खिशातून वही काढून दाखवली. कॉलनीची हद्द आता नाल्यापलीकडच्या तीन गल्ल्या धरून आहे. तिकडे एक 91 वर्षांच्या आजी आहेत, शिवाय 87 चे एक निवृत्त मास्तर, ऐकू कमी येतं पण चालतात व्यवस्थित. "म्हणजे मी तिसरा," काका म्हणाले, आणि उद्यापासून पहाटे किती वाजता निघायचं हे मास्तरांना विचारायला ते नाल्याच्या दिशेने चालू लागले.