दिवाणजींची रोजकीर्द

संध्याकाळचे सात वाजले, की आमचा डेटाबेस जिना चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखा मध्येच थांबून धापा टाकायचा. पोस्टग्रेस बिचारा लॉगमध्ये रोज लिहीत होता : चेकपॉइंट फार लवकर लवकर होताहेत, 22 सेकंदांच्या अंतरानं, मॅक्स वॉल साइझ वाढवता का बघा. मी ते वाचायचो आणि साहेबांकडे महागडी डिस्क मागायचो.

तेव्हा बाबा कोल्हापूरहून आले होते. गुळाच्या अडतीवर तीस वर्षं दिवाणजी. "एवढ्या रात्री काय करतोयस?" मी कटवायला म्हणून सांगितलं, की बदल आधी वॉलमध्ये लिहितात, मग सवडीनं खऱ्या फायलीत.

"म्हणजे रोजकीर्द आणि खतावणी."

दोन दिवसांचं माझं ट्रेनिंग तीन शब्दांत आटोपलं.

"रोजकीर्द केवढी?"

"1 जीबी. भरत आली की सगळी खतावणी आवरायला बसतो. तो चेकपॉइंट. त्यानंतर कुठल्याही पानाला पहिल्यांदा हात लागला, की एका आकड्यासाठी 8 केबीचं आख्खं पान रोजकीर्दीत उतरवतो."

"असला दिवाणजी शेठनं पाडव्यापर्यंतसुद्धा ठेवला नसता!"

"अहो बाबा, लिहिताना वीज जाऊन पान अर्धवट राहिलं तर?"

"हं. मग त्याला सारखं सारखं आवरायला बसवू नका. वही मोठी आणा."

वही 16 जीबीची केली. चेकपॉइंट टाइमआउट पाचाची पंधरा मिनिटं. कम्प्लीशन टार्गेट 0.9, म्हणजे आवराआवर साडेतेरा मिनिटांत पसरून, घाम न गाळता. (14 व्या आवृत्तीपासून हे आपोआप मिळतं. आमची त्याआधीची, 'चालतंय ना' हे आमचं अपग्रेडचं धोरण.)

मग मला चेव आला. बॅकग्राउंड रायटर म्हणजे दुकानातला पोऱ्या; दर 200 मिलिसेकंदांनी उठून फार तर 100 पानं उतरवणारा. मी त्याला हजारावर नेलं. डिस्क पुन्हा कण्हायला लागली.

"दुपारी खोडायचंय ते हा सकाळीच पक्कं करतोय," बाबा म्हणाले. "पोराला एवढा उत्साह बरा नव्हे."

पोऱ्या शंभरावर परत आला.

"आणि मध्येच दिवे गेले तर?"

"मागच्या चेकपॉइंटपासूनची रोजकीर्द पुन्हा वाचायची. वही मोठी, तेवढा वेळ जास्त."

"वाचेल की. तू आहेस ना जागा."

दीड वाजता लॉग शांत होता. बाबांच्या खोलीत मात्र दिवा. डोकावलो, तर त्यांची दिवसाची रोजकीर्द चालली होती. रिक्षा, 60. पालक, 20. आणि खाली, वळणदार अक्षरात : चिरंजीवांच्या नावे, सल्ला, 501. येणे बाकी.