खेदाचा जमाखर्च

इंग्रजांच्या ‘रिग्रेट’ या भावनेइतकी काटकसरी भावना भूतलावर दुसरी नसावी. नोकरी नाकारणारा साहेब ती पत्राच्या पहिल्याच ओळीत व्यक्त करतो आणि निश्चिंत मनाने जेवावयास जातो. परंतु तिचे खरे ऐश्वर्य प्रकटले ते १० एप्रिल २०१९ रोजी, हाऊस ऑफ कॉमन्समध्ये. १३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरच्या जालियनवाला बागेत जनरल डायरच्या हुकुमाने झाडल्या गेलेल्या १६५० गोळ्या आणि हंटर चौकशी समितीच्या दफ्तरी नोंदलेले ३७९ मृत्यू यांविषयी पंतप्रधान थेरेसा मे यांनी, शताब्दीस तब्बल तीन दिवस शिल्लक असताना, गाढ ‘रिग्रेट’ प्रकट केले. माफी मात्र खजिन्यातच राहू दिली. ‘जे घडले’ त्याबद्दल खेद होता; वळवाचा पाऊस घडावा तसे ते घडले होते. (व्याकरणात कर्ता अध्याहृत ठेवण्याची सोय आहे, हे साम्राज्यांवर केवढे उपकार!) आता एकच रक्कम येणे उरते. ज्यांच्या उपस्थितीमुळे सरकारी १६५० काडतुसे नाहक खर्ची पडली, त्यांच्या वारसांनीही उलटटपाली ‘रिग्रेट’ कळवावे. दारूगोळ्याची किंमत हप्त्यांनी भरण्याची मुभा सरकार उदार अंतःकरणाने देईलच.