तीन मयत कमी पडले

अपघात कशामुळे होतात, हा प्रश्न हसनाबादेत स्टँडवरच्या हॉटेलात रोज सुटतो. दुचाकीवाले म्हणतात, काळीपिवळीवाले माजलेत. काळीपिवळीवाले म्हणतात, पोरांच्या हातात बुलेटी आल्या. ट्रॅक्टरवाला विचारतो, रस्ता काय कारवाल्यांच्या बापाचा आहे? कोपऱ्यातले तात्या मात्र एका वाक्यात निकाल देतात, "ज्याची भरली, तो गेला." हा निकाल सरकारलाही पसंत पडावा. भरलेल्या घटकेचं टेंडर काढावं लागत नाही.

शिकलेल्यांची कारणं जरा महाग असतात. 1 जुलै 2023 ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस पेटून 25 प्रवासी गेले. टायर फुटला, चालकाला डुलकी लागली, की सरळसोट रस्त्यानंच त्याला भूल पाडली, यावर वाद रंगला. तेवढ्यात काहींनी त्या जागी महामृत्युंजय यंत्र बसवलं. खर्च कमी आणि गॅरंटी कायमची! पोलिसांनी जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला, म्हणून बरं. नाहीतर उद्या अंदाजपत्रकात यंत्राचं कलम आलं असतं.

एवढं लांब तरी कशाला? 18 जुलै 2024, आषाढीचा दुसरा दिवस. पंढरपूरहून परतलेल्या वारकऱ्यांची काळीपिवळी जालना-राजूर रस्त्यावर तुपेवाडीजवळ रस्त्याकडेच्या विहिरीत पडली. सात जण गेले. विहिरीला कठडा नव्हता. स्टँडवर खटला चालला तो जीपच्या वेगावर, आडव्या आलेल्या दुचाकीवर, कोंबलेल्या माणसांवर. विहीर निर्दोष सुटली.

शेवटी मास्तरांनी केंद्राची व्याख्या काढली. राष्ट्रीय महामार्गाच्या साधारण पाचशे मीटरांत तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, नाहीतर दहा माणसं मेली, तर ती जागा 'ब्लॅक स्पॉट'. मास्तरांनी तोच गज विहिरीला लावला. अपघात एक, मयत सात.

"तीन कमी पडले," मास्तर म्हणाले.

"मंग पुढच्या आषाढीपर्यंत थांबावं लागंल," मेंबर म्हणाले. त्यांना थांबायची सवय आहे.

कायदाही काही कमी नाही. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनं हेल्मेट नसेल तर हजार रुपये दंड ठेवला. रस्त्याची रचना किंवा देखभाल ठरलेल्या निकषांप्रमाणे नसल्यानं माणूस मेला, तर ठेकेदाराला आणि संबंधित यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड, हेही त्याच कायद्यात आहे. पहिली पावती स्टँडवर निम्म्या खिशांत सापडेल. दुसरी कुणी पाहिली का, असं विचारलं तेव्हा हॉटेलवाला साखर बघायला आत गेला.

चालकाला डुलकी लागणार, दुचाकी आडवी येणार. माणूस आहे, चुकणारच. त्या चुकीपायी जीपचा बंपर फुटावा, सात घरं फुटू नयेत, एवढ्यासाठी कठडा असतो. त्याला दगड, सिमेंट आणि गवंडी लागतो. दहा मयतांचा कोरम लागत नाही.

तेव्हा मंडळी, येत्या ग्रामसभेत घटका कुणाची भरली ते नंतर बघू. आधी आपल्या शिवारातल्या रस्त्याकडेच्या उघड्या विहिरींची यादी मांडा, कठड्याचा ठराव घ्या आणि ठरावाची पोच मागून घ्या.