जावईबापू आणि गिअरचा डबा

अहो, जरा कुंपणाजवळ या ना. हळू बोला, त्यांची खिडकी उघडी आहे. ऐकलंत का? बँकवाल्या काकांची गाडी आली एकदाची घरी! आणि तो गिअरबॉक्स-बिअरबॉक्स काही गेला नव्हता हं. गेला होता तो एक काळा डबा. तळहाताएवढा! टीसीएम म्हणतात म्हणे त्याला. आणि तो गेला कुणामुळे, ते ऐकाल तर…

थांबा, पहिल्यापासून सांगते. दसऱ्याला त्यांच्याकडे लेक-जावई आले होते ते ठाऊकच आहे तुम्हाला. लग्नानंतरचा पहिलाच दसरा. जावईबापू सॉफ्टवेअरमधले, त्यामुळे त्यांना सगळंच येतं. आदल्या दिवशी सासऱ्यांची गाडी घेऊन गेले आणि धुऊन आणली. चकाचक! मी म्हटलंसुद्धा काकूंना, जावई हौशी आहे हो. काकूंची मान काय ताठ झाली होती तेव्हा.

सकाळी पूजा झाली, झेंडूचं तोरण लागलं, चाकाखाली लिंबं फुटली आणि मंडळी निघाली जेजुरीला. नवं जोडपं ना, मल्हारीचं दर्शन नको? तर बोपदेव घाटात, अगदी चढावर, गाडीनं एक हिसका दिला. डॅशबोर्डवर तो पिवळा दिवा लागला आणि गाडी जी तिसऱ्या गिअरला अडकली, ती वर नाही की खाली नाही. जावईबापू अ‍ॅक्सिलरेटर दाबतायत, इंजिन ओरडतंय, गाडी मात्र मुंगीच्या पावलानं. मागून टेम्पोवाले हॉर्न मारतायत. आजी मागच्या सीटवर 'यळकोट यळकोट' करतायत. आणि आमचे काका? एकच वाक्य, "मी मॅन्युअलच घ्या म्हणत होतो." खोटं हो! ऑटोमॅटिकचा हट्ट त्यांचाच होता, गुडघ्यामुळे.

तर काय सांगत होते… हां, ते अडकणं. कोपऱ्यावरचे आजोबा आहेत ना, एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून रिटायर झालेले, त्यांनी मला सगळं नीट सांगितलं. म्हणाले, ऑटोमॅटिक गाडीत कुठला गिअर कधी टाकायचा हे तो डबा ठरवतो. चाकं किती पळतायत, पाय किती दाबलाय, गिअरबॉक्समधलं ऑइल किती तापलंय, सगळ्या खबरा त्याच्याकडे येतात. मग तो आतल्या सोलेनॉइडना हुकूम सोडतो. डब्याचं डोकं फिरलं की हुकूम बंद. मग गिअरबॉक्स आपला एकच गिअर धरून बसतो, कुठे दुसरा, कुठे तिसरा, जशी गाडी असेल तसा. लिंप मोड! माणसं रस्त्यात अडकू नयेत, रखडत का होईना घरी पोचावीत म्हणून केलेली सोय. पण ती सपाट रस्त्याला ठीक. बोपदेवला काय कामाची?

आणि ऐका, तिथे कुणीतरी दोर बांधून ओढायला निघालं होतं. काकांनी आजोबांना फोन लावला म्हणून वाचले. आजोबा फोनवरच ओरडले म्हणे, "दोर नको! पुढची चाकं फिरवत नेलीत तर आतून कोरडा घासेल गिअरबॉक्स. इंजिन बंद म्हणजे ऑइलचा पंप बंद. फ्लॅटबेड मागवा!" मग आली गाडी ट्रकवर चढून, तोरणासकट. वाटेत सगळी कॉलनी उभी बघायला. काकू कशा उतरल्या असतील रिक्षातून, सांगा बरं! सोन्यासारख्या दिवशी.

पहिल्या गॅरेजवाल्यानं स्कॅनर लावला. पी०७०० असा कोड आला. त्यानं मान हलवली, "गिअरबॉक्स गेला." लाखाच्या पुढचा आकडा सांगितला मेल्यानं. काका तिथेच स्टुलावर बसले म्हणे. काकू घरी येऊन देवापुढे. आणि जावईबापू? ते मोबाइलवर व्हिडिओ बघत होते, "इट्स अ कॉमन इश्यू, पप्पा."

पण आजोबा कसले ऐकतात! त्यांनी त्यांच्या ओळखीचा ऑटो इलेक्ट्रिशियन आणला. किडकिडीत पोरगा, कानाला पेन्सिल. तो म्हणाला, पी०७०० म्हणजे फक्त गिअरच्या डब्यात काहीतरी तक्रार आहे एवढंच. खरी तक्रार डब्याला विचारायची. स्कॅनरवरून विचारायला गेला, तर डबा बोलेचना. आता यू०१०१ आला, म्हणजे संपर्कच तुटलेला. तरीसुद्धा त्यानं 'डबा बदला' म्हटलं नाही हं. आधी बॅटरी मोजली, मग फ्यूज काढून पाहिले, अर्थिंगची वायर घासूनपुसून घट्ट केली. उंदरांनी वायरी कुरतडल्यात का तेही टॉर्च मारून पाहिलं. डब्याच्या सॉकेटपर्यंत करंट येतोय, अर्थ येतोय, वायरी शाबूत. मग म्हणाला, आता मात्र डब्याचंच काम. आजोबा मला म्हणाले, निम्मे लोक इथेच फसतात. डबा बदलून बसतात आणि दोष निघतो फ्यूजमध्ये.

आता खरी गंमत. त्यानं सॉकेट उपसलं, तर पिनांवर हिरवा थर! झाकण उघडलं, तर आत ओल. त्यानं मान वर करून विचारलं, "इंजिनवर प्रेशरचं पाणी मारलंय का कुणी?"

बाई बाई बाई! काका बघतायत काकूंकडे, काकू बघतायत आकाशाकडे. कुणी काही बोलेना. आणि ती लेक, भोळी हो अगदी, कौतुकानं म्हणते कशी, "हो, यांनीच करून आणलं ना दसऱ्याला! बॉनेट उघडून, आतूनसुद्धा!" मी इथेच कढीपत्ता तोडत होते. जावईबापूंचा चेहरा असा पडला… नको, सांगवत नाही. काका एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मग काय, प्रायश्चित्त म्हणून जावईबापू गेले थेट कुर्ल्याला, स्क्रॅपमधून तसलाच डबा घेऊन आले. नंबर तोच, रंग तोच, किंमत निम्म्याहून कमी. मिरवत आणला. लावला, तर गाडी सुरूच होईना! त्या डब्यात जुन्या गाडीचा नंबर लिहिलेला, तो या गाडीला ओळख देईना. काही गाड्यांत चालतो म्हणे रीतसर पुसून घेतला तर, पण यांच्यात नाही. आजींनी तेवढ्यात टोला हाणलाच, "अरे, डबा काय नि जावई काय, दुसऱ्या घरचा आणला की आधी शिकवावा लागतो." मी हसू दाबायला पदर तोंडाला लावला.

शेवटी नवाच मागवला. तो येतो कोरा. लॅपटॉप लावून त्यात याच गाडीचं सॉफ्टवेअर भरायचं. आणि त्या वेळी बॅटरीला चार्जर जोडून ठेवायचा, कारण मध्येच करंट पडला तर नवा डबासुद्धा मेलाच समजा. जावईबापू लॅपटॉपशी पुढे सरसावले, "मी करू का?" त्या पोरानं नुसतं बघितलं त्यांच्याकडे. सरकले हो मागे!

आणि काम तेवढ्यानं संपत नाही बरं का. ऑइल गरम होईस्तोवर गाडी हळूहळू सगळ्या गिअरांतून न्यायची, थांबवायची, पुन्हा न्यायची. डबा शिकतो म्हणे, कुठला क्लच किती दाबायचा ते. सुरुवातीला थोडे झटके बसतात. काकूंना पहिल्या झटक्याला वाटलं, गेली पुन्हा! पण आता मऊ चालते. आज सकाळी काका स्वतः मंडईत घेऊन गेले. किल्ली खिशात, जावयाच्या हाती नाही.

अहो पण मुख्य ते राहिलंच. काकूंनी जुना डबा मागून घेतला. हुशारच हो, जुना पार्ट हातात आला म्हणजे खरंच बदललाय हे कळतं. पण त्यांनी तो कपाटात ठेवलाय. आता आठवड्यावर दिवाळसण. जावईबापूंची नजर त्या महागाच्या स्मार्टवॉचवर आहे, हे लेकीनंच मला सांगितलं. आणि आजी काय म्हणतायत माहितीये? "बिल भरलंय ना आपण? मग ओवाळणीच्या ताटात तोच डबा ठेव, वरून रिबीन बांध." काकू नको नको म्हणतायत, पण रिबीन आणलीये. मी पाहिली. लाल!

पाडव्याला संध्याकाळी माझ्याकडेच या चहाला. आमच्या गच्चीतून त्यांचा हॉल सरळ दिसतो.