हात छातीवर ठेवा आणि उठा

साठी उलटलेल्या माणसाला खुर्चीतून कसं उठायचं ते शिकवावं लागत नाही. त्याने आपली पद्धत केव्हाच बसवलेली असते. आधी थोडं पुढे सरकायचं, मग दोन्ही पंजे खुर्चीच्या हातांवर, एक हेलकावा मागे, एक पुढे, आणि ‘विठ्ठला’ म्हणत उभं राहायचं. कुणी विठ्ठलाच्या जागी ‘आई गं’ म्हणतं, कुणी नुसतंच ‘हं’. रिकाम्या हातांनी मात्र कुणी उठत नाही.

ज्येष्ठ नागरिक संघाच्या शिबिरात आलेल्या फिजिओथेरपिस्ट मुलीने नेमकं यावरच बोट ठेवलं. बिनहातांची खुर्ची भिंतीला टेकवली आणि म्हणाली, ‘‘काका, हातांची छातीवर घडी घाला. पाच वेळा उठा, पाच वेळा बसा. मी वेळ लावते.’’ आशियातल्या तज्ज्ञांनी २०१९ साली ठरवलेल्या निकषांनुसार या पाच खेपांना १२ सेकंद किंवा जास्त लागले, की स्नायूंबद्दल शंका घ्यायची. आमच्यातल्या काहींचे १२ सेकंद चष्मा कुणाकडे द्यायचा हे ठरवण्यातच गेले. एकाने ‘कालच ताप येऊन गेला’ असं आगाऊ सांगून ठेवलं.

मग हाताची पकड मोजायचं यंत्र आलं. पुरुषांची पकड २८ किलोच्या खाली आणि बायकांची १८ च्या खाली असली, तर ती कमी. यंत्र दाबताना पुरुष मंडळी दात-ओठ खातात, डोळे मिटतात, एक पायसुद्धा उचलतात. जोर मात्र हातातून जायचा तेवढाच जातो. एका मावशींनी पर्स खांद्यावरून न काढताच ते दाबलं आणि शेजारी उभ्या असलेल्या यजमानांना सहज मागे टाकलं. ‘‘यांच्या हातात जन्मभर पेन, नाहीतर रिमोट,’’ त्या म्हणाल्या, ‘‘नारळ कोण फोडतं घरात?’’ या पकडीला हसू नये. भारतासह १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांची पकड मोजून २०१५ साली निष्कर्ष निघाला, की मृत्यूचा धोका ओळखायला रक्तदाबाच्या वरच्या आकड्यापेक्षा पकडीचा आकडा अधिक उपयोगी पडला.

वयाबरोबर होणाऱ्या स्नायूंच्या झिजेला ‘सार्कोपेनिया’ हे नाव मिळालं तेही १९८० च्या दशकाच्या अखेरीस. तोवर सगळं ‘वय झालं’ या खात्यात जमा होत होतं. शिवाय ही चोरी कळतही नाही. स्नायू जातात, त्यांच्या जागी चरबी येते आणि वजनकाटा तोच आकडा दाखवून आपल्याला खूश ठेवतो. त्यातही चपळ तंतू आधी झिजतात. त्यामुळे सावकाश जिना चढता येतो, पण सुटत्या बसमध्ये पाय टाकता येत नाही. उंबरठ्याला अडखळल्यावर दुसरा पाय झटकन पुढे यायला हवा, तो उशिरा येतो. पडल्याचं खापर मग फरशीवर, चपलेवर, किंवा सुनेने मध्येच ठेवलेल्या बादलीवर फुटतं.

ब्राझीलचे डॉक्टर क्लॉडिओ गिल अराऊजो यांची परीक्षा आणखी कडक. जमिनीवर बसायचं आणि उठायचं. बसण्याला पाच गुण, उठण्याला पाच. हात किंवा गुडघा टेकला की दर टेक्याला एक गुण वजा, तोल गेला तर अर्धा. ५१ ते ८० वयाच्या दोन हजारांवर लोकांची अशी परीक्षा घेऊन त्यांनी २०१२ साली दाखवून दिलं, की ज्यांना कमी गुण पडले त्यांच्यात पुढच्या काही वर्षांतले मृत्यू बरेच जास्त होते. आमच्या लहानपणी पंगतीत ही परीक्षा दोन वेळा व्हायची, तीही पोटभर जेवून. मग डायनिंग टेबल आलं, कमोड आला, आणि जमीन फक्त पुसायची वस्तू उरली. अर्थात ज्याचे गुडघेच गेलेत त्याचे गुण कापून स्नायूंना दोष देणं मला पटत नाही. देवाचं नाव घेतल्याबद्दल गुण कापत नाहीत, हे मात्र मी मुद्दाम विचारून घेतलं.

शेवटी त्या मुलीने एक दिलासा दिला. बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या मंडळींकडून आठ आठवडे पायांनी वजनं उचलून घेतली. ज्यांनी तो क्रम पुरा केला त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, आणि दोघांनी तर चालताना काठी सोडली. हा अभ्यास १९९० सालचा. सभागृहात कौतुकाची कुजबुज झाली. मागच्या रांगेतले एक निवृत्त बँक मॅनेजर बोटांवर काहीतरी मोजत होते.

‘‘म्हणजे नव्वदीत सुरू केलं तरी चालतं तर,’’ ते समाधानाने म्हणाले. ‘‘मग माझ्याकडे अजून सोळा वर्षं आहेत.’’