उजनीत डॉल्फिन नाही, तेच बरं

बारामती-इंदापूरची मंडळी मध्यरात्री गाडी काढून दापोलीजवळच्या मुरूडला डॉल्फिन बघायला जातात. डॉल्फिन श्वास घ्यायला क्षणभर वर येतो, अख्खी होडी "तो बघ, तो बघ!" म्हणून बोंबलते आणि मोबाइलमध्ये येतं ते मेहुण्याचं कोपर.

इकडे भीमा अडवून झालेला उजनी धरणाचा फुगवटा घराच्या दारात आहे. हिवाळ्यात कुंभारगावला होडीत बसलं की समोर रोहित पक्षी. चोच उलटी पाण्यात घालून, चिखल गाळत निवांत जेवत असतात. जेवणाऱ्याला उठवू नये हे आपण घरी पाळतो, पण इथं पैसे मोजलेत ना! "ओ मामा, जरा उडवा की, रील करायचीय!"

डॉल्फिन मात्र इथं नाही. सुटला बिचारा. २०२१ मध्ये उजनीचं ५ टीएमसी पाणी इंदापूरला द्यायचं ठरलं, आमच्या वाट्याचं पाणी पळवलं म्हणत सोलापूर पेटलं आणि निर्णय रद्द झाला. अशा पाण्यात डॉल्फिन दिसला असता, तर तो कुणाच्या वाट्याच्या पाण्यात पोहतोय यावर आधी उपोषण झालं असतं. आणि आवर्तन सुटलं की कालव्यातून तोही उसाला गेला असता.