मिश्रण वेगळे कसे करावे : मुदखेड व परिसरासाठी मार्गदर्शिका

जागा व्यापते आणि तराजूत वजन दाखवते ते द्रव्य. मुदखेडच्या मळ्यातून पहाटे तोडून आलेला मोगरा हे द्रव्य आहे, तो ज्या करंडीत भरला ती करंडी द्रव्य आहे आणि वर शिंपडलेले पाणी हेही द्रव्यच आहे. फक्त ते मोगऱ्याच्या भावाने विकले जाते. फुलाचा वासही द्रव्यात मोडतो. वासाचे रेणू पाकळीतून सुटून हवेत मिसळतात आणि फूल तेवढे हलके होते. खरी घट येते ती मात्र पाण्याची. माल हैदराबादला पोचेपर्यंत बरेचसे पाणी वाफ होऊन उडून गेलेले असते आणि इकडचा काटा व तिकडचा काटा यांत तंटा लागतो. द्रव्य नाहीसे होत नाही, हा नियम लव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने अठराव्या शतकात प्रस्थापित केला. त्याने प्रयोग बंद भांड्यात केले होते. फुलांचा व्यापार उघड्या करंडीत चालतो.

द्रव्याच्या स्थायू, द्रव आणि वायू या तीन अवस्था शाळेत सांगितल्या जातात. स्वयंपाकघरात त्या एकाच लाल टाकीत भेटतात : टाकी स्थायू, आतला गॅस दाबाखाली द्रव आणि शेगडीशी पोचेपर्यंत वायू. 14.2 किलोचे हे सिलिंडर संपत आले की ते हलवून पाहण्याची रीत घरोघरी आहे. हलवल्याने शिल्लक गॅसचा अंदाज येतो, गॅस वाढत नाही. आडवे पाडून तर ते कधीच वापरू नये. तसे केल्यास वायूऐवजी द्रव नळीत उतरतो.

द्रव्य ओळखले जाते ते त्याच्या गुणधर्मांवरून. हळदीच्या पट्ट्यात त्यासाठी वेगळी प्रयोगशाळा लागत नाही, पांढरा सदरा पुरतो. त्यावर वरणाचा डाग पडला की हळदीतले रंगद्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, हा भौतिक गुणधर्म पहिल्या धुण्यात कळतो. साबण लावताच डाग लालभडक होतो, हा रासायनिक गुणधर्म. अल्कली भेटली की हळद लाल होते. साबण निघून गेला की पिवळेपणा परत येतो. शेवटी सदरा उन्हात टाकावा. उन्हाने हे रंगद्रव्य विघटित होते, आणि मराठवाड्यात ऊन ही एकच गोष्ट मागणीपेक्षा जास्त आहे.

गुणधर्म मोजताना जागेचाही विचार करावा. पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळते, पण ते समुद्रकाठी. नांदेड-मुदखेडचा भाग समुद्रसपाटीपासून साधारण साडेतीनशे मीटर उंच असल्याने इथे ते सुमारे एक अंश आधीच उकळते. तूर शिजायला वेळ लागल्यास हे कारण सांगता येईल. ऐकून घेतले जाईल याची हमी नाही.

आता मिश्रण. दोन किंवा अधिक पदार्थ आपापला स्वभाव न सोडता एकत्र नांदतात, त्याला मिश्रण म्हणतात. चिवडा हे त्याचे आदर्श उदाहरण. त्यात शेंगदाणा शेंगदाणाच राहतो, आणि म्हणूनच पाहुण्याला तो वेचून खाता येतो. डबा हलवला की मोठे दाणे वर येतात आणि चुरा तळाला जातो, कारण लहान कण मोठ्यांच्या फटींतून खाली सरकतात. यजमानाने डबा हलवून पुढे करू नये. ज्वारीचे पीठ आणि पाणी हेही मिश्रणच. मात्र त्याची भाकरी थापून तव्यावर टाकली की परतीचा रस्ता बंद होतो; पिष्ट फुगते, पापुद्रा भाजतो आणि कोणत्याही चाळणीने भाकरीचे पुन्हा पीठ होत नाही. पृथक्करणाचा सारा विचार तव्याच्या आधी करावा.

पृथक्करणाचे सूत्र एकच. घटकांमध्ये ज्या गुणधर्माचा फरक असेल त्यावर बोट ठेवावे. फरक नसेल तर हात जोडावेत.

फरक डोळ्याला दिसत असेल तर निवडावे. आकाराचा असेल तर चाळावे. वजनाचा असेल तर सूप घ्यावे, आणि इथे थोडे थांबावे लागेल, कारण पाठ्यपुस्तके सुपाला एका ओळीत उरकतात. सुपाच्या क्रिया तीन. पाखडताना धान्य वर उडते, फोलपट हवेत रेंगाळून पुढच्या उघड्या बाजूने बाहेर पडते आणि दाणे परत सुपात येतात. घोळताना सूप आडवे फिरवले जाते, तेव्हा हलका कचरा वर गोळा होतो आणि हाताने उचलता येतो. आसडण्यात झटका असतो. तिन्ही क्रिया एका बैठकीत, गप्पा न थांबवता, नेम न चुकवता करणारी व्यक्ती घरात असेल तर तिच्याकडूनच शिकावे. या मार्गदर्शिकेच्या भरवशावर थेट तुरीच्या डाळीवर प्रयोग करू नये. पहिल्या दिवशी फोलपट सुपात आणि डाळ अंगणात, असा निष्कर्ष येतो. खळ्यावरची उफणणी म्हणजे हेच शास्त्र मोठ्या मापात. उंच तिपाईवर उभे राहून धान्य धारेने सोडायचे आणि भूस वाऱ्याच्या हवाली करायचे. वारा पडला की शास्त्रही बसून राही. हडंबा आला, पंखा वारा देऊ लागला आणि वाऱ्याची वाट पाहत झाडाखाली बसण्याचे रास्त कारण संपले. लातूरच्या डाळमिलांमध्ये चाळण्या आणि पंखे मिळून टरफल, चुरी आणि डाळ वेगवेगळ्या वाटांना लावतात. मूळ कल्पना सुपाचीच आहे, वीजबिल तेवढे वेगळे येते.

वजनाच्या फरकाचा सर्वांत कसबी उपयोग झारेकऱ्यांनी केला. सराफांच्या दुकानांसमोरची आणि भट्टीजवळची धूळ झाडून न्यायची, पाण्यात धुवायची आणि तळाशी उरलेले सोन्याचे कण काढायचे, हा त्यांचा परंपरागत व्यवसाय. सोने पाण्याच्या 19.3 पट जड असते, वाळू जेमतेम अडीच-पावणेतीन पट. त्यामुळे पाण्याच्या झोताबरोबर वाळू निघून जाते आणि सोने बसून राहते. ज्या धुळीला बाकीचे कचरा म्हणत, तिच्यासाठी हे लोक पैसे मोजत. पदार्थाच्या घनतेचे ज्ञान कोणाला जास्त होते, हे यावरून ठरवता येईल.

पाण्यातला गाळ हे पुढचे प्रकरण. पावसाळ्यात गोदावरीचे गढूळ पाणी बादलीत भरून ठेवले तर एक दशांश मिलिमीटरचा वाळूचा कण अर्ध्या मिनिटात तळ गाठतो. त्याच्या शंभराव्या भागाएवढ्या चिकणमातीच्या कणाला तेच अंतर उतरायला चार दिवस लागतात, कारण कणाचा आकार दहापट कमी झाला की खाली बसण्याचा वेग शंभरपट कमी होतो. यातले बारीक कण तर कधीच बसत नाहीत. त्यांच्यावर सारखाच ऋण विद्युतभार असल्याने ते एकमेकांपासून दूर राहतात. भाऊबंदकीचा हा सूक्ष्म प्रकार समजावा. त्यावर उपाय तुरटी. तिच्यातले ॲल्युमिनियमचे धन आयन मध्यस्थी करतात, कण एकत्र येऊन जड होतात आणि खाली बसतात. तुरटी पाण्यात दोन-चार वेळा फिरवावी, पुढे बादलीला हात लावू नये. सकाळी वरचे पाणी अलगद ओतून घ्यावे. पूर्वी याच कामासाठी निवळीच्या बिया माठात उगाळत. गुऱ्हाळावर उसाच्या रसातली मळी वर आणण्यासाठी भेंडीचा चिकट रस घालतात, तोही याच घराण्यातला उपाय. फरक इतकाच की तिथे घाण तळाशी न जाता वर तरंगते आणि झाऱ्याने काढली जाते.

निवळलेले पाणी शुद्ध झाले असे मात्र समजू नये. बोअरच्या पाण्यातले क्षार विरघळलेले असतात आणि ते चार पदरी धोतरातूनही पाण्याबरोबर सुखरूप पार पडतात. गाळण्याने फक्त न विरघळलेले अडते. पाणी तापवले की क्षारांचा काही भाग हीटरच्या कॉइलवर पांढऱ्या थराच्या रूपाने जमतो. हे पृथक्करणच, पण न मागता झालेले. नांदेड जिल्ह्यातील काही गावांच्या विंधन विहिरींत फ्लोराइड सापडते. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला दीड मिलिग्रॅमच्या पुढे असू नये. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने विकसित केलेल्या नलगोंडा पद्धतीत तुरटी आणि चुना वापरून ते कमी करतात. ज्यांच्याकडे आरओचे यंत्र आहे त्यांना स्वच्छ पाणी मिळते आणि बहुधा त्याहून जास्त पाणी मोरीत जाते. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. तेव्हा यंत्राच्या मोरीकडच्या नळीखाली बादली ठेवावी.

दूध आणि पाणी वेगळे करण्यासाठी साहित्यात राजहंसाची शिफारस आहे. तो सहसा उपलब्ध होत नसल्याने दुग्धमापक वापरतात. चांगल्या दुधाची घनता 1.028 ते 1.032 च्या दरम्यान असते, पाणी घातले की ती उतरते आणि साय काढली की चढते. दोन्ही कामे बेताने केली तर मापक समाधानी राहतो. ही माहिती विक्रेत्यासाठी नसून ग्राहकासाठी आहे. म्हणूनच डेअरीत स्निग्धांशाची चाचणी स्वतंत्र घेतात. दुधातून साय काढण्याचे फिरते यंत्र स्वीडनच्या गुस्ताफ दे लावालने 1878 मध्ये बनवले. ताक घुसळणे हे त्याचेच घरगुती रूप आहे असे काही ठिकाणी शिकवतात, ते बरोबर नाही. यंत्रात हलके आणि जड फिरण्याच्या वेगाने अलग होतात. रवीने लोण्याचे गोलक एकमेकांवर आपटून चिकटतात. दोन्हींत फिरणे असते, एवढेच साम्य.

नवसागर, कापूर आणि डांबराच्या गोळ्या तापवल्यावर द्रव न होता थेट वाफेत जातात. मिठातून कापूर असा वेगळा करता येतो. कल्हईवाल्याच्या भांड्यातून उठणारा पांढरा धूर नवसागराचा. तो धूर पाहिलेली पिढी आता चष्मा लावून नातवंडांचा गृहपाठ घेते.

शाईच्या प्रयोगासाठी खडू पुरतो. पांढऱ्या खडूला खालून बोटभर उंचीवर काळ्या स्केचपेनने वर्तुळ काढून तो बशीभर पाण्यात उभा करावा. पाणी वर्तुळाच्या खाली राहील असे पाहावे. पाणी वर चढते आणि काळ्यातून निळा, जांभळा, कधी पिवळाही बाहेर येतो, कारण प्रत्येक रंग वेगळ्या वेगाने चालतो. ही पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभी रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत याने पानांतल्या रंगद्रव्यांवर वापरली. ‘त्स्वेत’चा रशियन अर्थ रंग. काही माणसे आडनावाला जागतात.

मुदखेडला सर्वांत जवळचा प्रयोग अर्थात गुलाबाचा. मोठ्या पातेल्यात पाकळ्या आणि पाणी घ्यावे, मधोमध उलट्या वाटीवर रिकामी वाटी ठेवावी, झाकण पालथे घालून त्यात बर्फ भरावा आणि मंद आच द्यावी. वाफ झाकणाला लागून थंड होते आणि वाटीत गुलाबपाणी ठिबकते. हे ऊर्ध्वपातन. वाटीत तेल शोधू नये. अत्तराच्या खास गुलाबाच्याही तीन-चार हजार किलो पाकळ्यांतून किलोभर तेल निघते. हाराच्या गुलाबाकडून तेवढीही अपेक्षा करू नये. मोगऱ्यावर हा प्रयोग अजिबात करू नये. उष्णतेने त्याचा वास बिघडतो. जुन्या काळी तिळाचे आणि फुलांचे थर आलटून पालटून रचत, तीळ वास पिऊन घेत आणि मग ते घाण्यात घालत.

ऊर्ध्वपातनालाही हद्द असते. साखर कारखान्यांच्या मळीपासून निघणारे मद्यार्क कितीही वेळा उकळले तरी 95 टक्क्यांच्या थोडे पुढे जाऊन थांबते. उरलेले पाणी आणि मद्यार्क त्यापुढे एकाच तपमानाला, एकाच प्रमाणात उकळतात आणि साथ सोडत नाहीत. मुदखेड जंक्शनवर याचे दोन नमुने एकाच फलाटावर पाहायला मिळतात. प्रवासी हे साधे मिश्रण : आदिलाबादचे आणि सिकंदराबादचे, दिशेचा फरक असल्याने गाडी लागताच आपोआप वेगळे होतात, चुकून भलत्या डब्यात बसलेला एखादा अपवाद सोडून. फलाटावरची बोली मात्र त्या 95 टक्क्यांसारखी आहे. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाचे राज्य संपले, मराठवाडा पुढे महाराष्ट्रात आला, पण मराठीत मुरलेली दखनी आणि तेलुगू निथळून काढणारी चाळणी अजून कुठल्या बाजारात आलेली नाही, आणि कोणी मागितल्याचेही ऐकिवात नाही.

प्रयोग आटोपल्यावर सूप, चाळणी आणि मलमलचा फडका स्वच्छ करून ज्या घरून आणला त्या घरी नेऊन द्यावा. सूप रिकामे परत करू नये. निवडलेली मूठभर डाळ त्यात घालावी.